घरच्या धावा, दारच्या धावा

१९८३ या एकाच वर्षात मोहिंदर अमरनाथ वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोटी मालिका खेळले. पहिली कॅरिबियन बेटांवर झाली आणि तिच्यात त्यांनी पाच कसोटींत ६६.४४ च्या सरासरीने ५९८ धावा काढल्या. ब्रिजटाऊनला माल्कम मार्शलचा चेंडू लागून टाके घालून घ्यावे लागले, तरी ते मैदानात परतले आणि त्या सामन्यात त्यांच्या नावावर ९१ आणि ८० धावा लागल्या. दुसरी मालिका त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात भारतात सुरू झाली. तिच्यात अमरनाथ सहा डाव खेळले आणि सहाही डावांची बेरीज एक धाव झाली. सुनील गावसकर यांचे नेमके उलटे घडले. कॅरिबियन दौऱ्यात त्यांच्या २४० धावा झाल्या, सरासरी ३०, आणि त्यातून जॉर्जटाऊनच्या नाबाद १४७ बाजूला काढल्या तर हाती फारसे काही उरत नाही. भारतात मात्र ५०५ धावा, सरासरी ५०.५०, दिल्लीला ९४ चेंडूंत शतक गाठून १२१, अहमदाबादला ९० आणि मद्रासला नाबाद २३६. मार्शल आणि होल्डिंग हे वेस्ट इंडीजचे वेगवान गोलंदाज दोन्हीकडे होते.

परदेशात धावा करतो तोच खरा फलंदाज, ही आपली आवडती फूटपट्टी या वर्षाला लावली तर निकाल सोपा आहे: अमरनाथ मोठे, गावसकर घरचे. पण कानपूरला मार्शलच्या चेंडूने गावसकरांच्या हातातून बॅट उडवली आणि पुढच्याच कसोटीत, दिल्लीला, त्यांनी त्याच माऱ्यावर तुटून पडत ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली, हे ज्यांना आठवते त्यांना हा निकाल पटणार नाही. ते शतक भारतात झाले म्हणून मार्शलचा वेग काही कमी झाला नव्हता. उलट अमरनाथांच्या सहा डावांतल्या एका धावेवरून त्यांची पात्रता ठरवणेही तितकेच हास्यास्पद होईल. त्यांच्या ११ कसोटी शतकांपैकी ९ परदेशातली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की या चर्चेत माप चुकीच्या जागी लावले जाते. सामना कोणत्या देशात झाला याने धावेची किंमत ठरत नाही. त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर उतरलेल्या बाकीच्या एकवीस जणांना काय जमले, याच्या शेजारी ठेवून ती ठरवावी लागते.

आपल्याला परदेशाचे एवढे वेड का, याला इतिहास आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. १९५२ साली हेडिंग्लेला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले होते. त्याच दौऱ्यात मँचेस्टरला एका दिवसात संघ दोनदा, ५८ आणि ८२ धावांत, गारद झाला. परदेशातला पहिला कसोटी विजय १९६८ साली, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला मिळाला. घरात वाघ आणि बाहेर शेळी ही टीका ज्या पिढ्यांनी इतकी वर्षे ऐकली, त्यांना १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या घरी हरवले तेव्हा काय वाटले असेल याची कल्पना करता येते. तेव्हापासून ‘परदेशातली धाव’ हा शब्द आपल्याकडे केवळ क्रिकेटचा राहिला नाही. त्याला स्वाभिमानाचा रंग चढला. स्वाभिमान ही चांगली गोष्ट आहे, पण हिशेब तपासताना ती फारशी उपयोगी पडत नाही.

त्या १९७१ च्या मालिकेचेच पाहा. गावसकरांच्या चार कसोटींतल्या ७७४ धावा हा भारतीय क्रिकेटमधला सर्वांत पूज्य आकडा असावा, आणि पदार्पणाच्या मालिकेत, अखेरच्या कसोटीत दातदुखी सोसत काढलेल्या १२४ आणि २२० धावांसह, तो तसा असण्याला कारणही आहे. परंतु त्या वेळी वेस्ट इंडीजच्या हॉल आणि ग्रिफिथ या वेगवान जोडीचा जमाना सरला होता. रॉबर्ट्स, होल्डिंग अजून यायचे होते. त्याच मालिकेत दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या, सोबर्सने ५९७ आणि चार्ली डेव्हिसने १३२ च्या सरासरीने ५२९. म्हणजे धावा सगळीकडून वाहत होत्या. शेजारी पाहण्याची सवय लावली की ७७४ चे तेज थोडे कमी होते आणि त्याच मालिकेतला दुसरा एक डाव वर येतो: किंग्स्टनला संघ ५ बाद ७५ असताना मडगावच्या सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना हाताशी धरून उभारलेल्या २१२ धावा. मालिकेतले पहिलेच पान तिथे उलटले, आणि वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादण्याची वेळ आली. माझ्यापुरते सांगायचे तर गावसकरांच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून मी ७७४ च्या आधी १९८३ च्या दिल्लीतल्या १२१ धावा पुढे करीन. त्या घरच्या आहेत, याने माझा हात अडत नाही.

अलीकडे परदेशाच्या फूटपट्टीला एक सुटसुटीत नावही मिळाले आहे. दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘सेना’ देश म्हणतात. (मराठी वाचकाच्या मनात हा शब्द ऐकून आधी भलतेच चित्र उभे राहते, ते सोडून देऊ.) या चार देशांत चेंडू उसळतो आणि हलतो, तिथल्या धावा वेगळ्या मोजाव्यात, हा विचार वरवर पाहता योग्य वाटतो. पण तो आजच्या परिस्थितीवरून मागचा सगळा इतिहास मोजतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जगातला सर्वांत कठीण दौरा वेस्ट इंडीजचा होता आणि तो या चार अक्षरांत बसत नाही. अमरनाथांच्या त्या ५९८ धावा ‘सेना’च्या कोष्टकात शून्य ठरतात. दक्षिण आफ्रिका तर १९७० ते १९९१ या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या बाहेरच होती, त्यामुळे गावसकर, विश्वनाथ, अमरनाथ यांना तिथे खेळण्याची संधीच मिळाली नाही.

‘परदेश’ हा गठ्ठाही आत किती विजोड आहे ते पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर भारताने ८ बाद ५३७ धावांवर डाव घोषित केला. सिद्धूने १११, तेंडुलकरने १४३ आणि अझरुद्दीनने १२६ केल्या. त्यावर श्रीलंकेने ६ बाद ९५२ केल्या, त्यात जयसूर्याच्या एकट्याच्या ३४०. त्या खेळपट्टीवर गोलंदाजांना काही मिळणार नव्हते हे पहिल्याच दिवशी कळून चुकले असावे. ही तिन्ही भारतीय शतके परदेशातल्या शतकांच्या रकान्यात बसतात आणि त्याच रकान्यात तेंडुलकरचे १९९२ सालचे पर्थचे ११४ देखील बसते. या दोहोंना एका गठ्ठ्यात बांधून काढलेली सरासरी नक्की काय सांगते? तेंडुलकरची परदेशातली सरासरी ५४ च्या पुढे आणि मायदेशातली ५२ च्या पुढे आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु पर्थ किती मोठे होते हे त्यांच्यातला कोणताही आकडा सांगू शकत नाही.

‘घर’ हेही एकसंध नाही. मुंबईच्या फलंदाजांविषयी बोलताना कांगा लीग या तिथल्या पावसाळी स्पर्धेचा उल्लेख हटकून होतो आणि तो रास्तच आहे. पावसाळ्यात, उघड्या आणि ओलसर खेळपट्ट्यांवर, चौकार मारलेला चेंडू गवतात अडकून पडेल अशा मैदानांवर जो मुलगा वाढला, त्याने इंग्लंडला जाण्यापूर्वीच इंग्लंडचा चेंडू थोडासा पाहिलेला असे. मुंबईच्या आझाद मैदानावरचा जुलै आणि चेन्नईच्या चेपॉकवरचा जानेवारी ही दोन्ही घरेच, पण ती एकमेकांना परकी आहेत. उलट वेस्ट इंडीजच्या बाबतीत घर कशाला म्हणावे हाच प्रश्न आहे. ब्रायन लारा त्रिनिदादचा, आणि त्याचे ३७५ आणि नाबाद ४०० हे दोन्ही विक्रम अँटिग्वातले, म्हणजे दुसऱ्याच देशातले. आकडेवारीत ते मायदेशाच्या रकान्यात जातात.

आता घरच्या धावांकडे वळतो, कारण खरा अन्याय इथे होतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात जी कसोटी झाली, तिच्यात अख्ख्या सामन्यात एकाही फलंदाजाला अर्धशतक गाठता आले नाही; आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. त्या संपूर्ण मालिकेत दोन्ही संघांकडून मिळून दोनच शतके झाली आणि ती दोन्ही एकाच माणसाने, एकाच सामन्यात केली: दिल्लीला अजिंक्य रहाणेने १२७ आणि नाबाद १००. हाशिम अमला, ए. बी. डिव्हिलियर्स, विराट कोहली अशी नावे त्या मालिकेत होती, तरीही. गंमत अशी की रहाणेची ओळख ‘परदेशात खेळणारा फलंदाज’ अशी करून दिली जाते, कारण त्याच्या १२ कसोटी शतकांपैकी ८ परदेशातली आहेत आणि मेलबर्नच्या दोन शतकांनी ती ओळख पक्की केली. त्याच ओळखीमुळे दिल्लीचा सामना विस्मरणात गेला. मेलबर्नला २०१४ साली त्याने १४७ केल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला कोहलीनेही १६९ केल्या होत्या. दिल्लीत पहिल्या डावातल्या १२७ मागोमाग दक्षिण आफ्रिकेचा आख्खा संघ १२१ धावांत बाद झाला.

रोहित शर्माचे नेमके उलट आहे. त्याच्या १२ कसोटी शतकांपैकी १० भारतातली, म्हणून ‘घरचा राजा’ हा शिक्का बसला. शिक्क्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्याला जे जमले नाही ते जमले नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध त्याने पहिल्या दिवशी १६१ धावा केल्या आणि त्यानंतर इंग्लंडचा सगळा संघ पहिल्या डावात १३४ धावांत आटोपला. ज्या खेळपट्टीवर एका माणसाने समोरच्या अकरा जणांहून जास्त धावा केल्या, ती खेळपट्टी घरची म्हणून सोपी होती असे कसे म्हणायचे? ती जशी रूटला कठीण होती तशीच पुजारालाही होती. आपल्या माणसांना तिच्यावर खेळायची सवय असते हे मान्य, पण २०२४ साली न्यूझीलंडने बंगळूर, पुणे आणि मुंबई अशा तिन्ही कसोट्या जिंकल्या तेव्हा त्या सवयीचे काय झाले तेही सर्वांनी पाहिले. पुण्यातच, गहुंजेच्या मैदानावर, २०१७ साली भारत १०५ आणि १०७ धावांत बाद झाला असता स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात १०९ केल्या. ऑस्ट्रेलियन माणसाने भारतातल्या फिरत्या चेंडूवर काढलेले शतक आपण डोक्यावर घेतो. तशाच खेळपट्टीवर आपल्या माणसाने काढले की ‘घरचे’ म्हणून हात झटकतो. यात कुठेतरी न्यूनगंड आहे, असा मला संशय येतो.

घरच्या कठीण धावांची यादी जुनीही आहे. १९७५ च्या जानेवारीत चेपॉकला अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ बळी घेतले, भारताचा डाव १९० धावांत संपला आणि त्यातल्या नाबाद ९७ गुंडाप्पा विश्वनाथ यांच्या होत्या. शतक नाही, परदेशही नाही, आणि तरीही ज्यांनी तो डाव पाहिला ते त्यांच्या कोणत्याही शतकाआधी त्याचे नाव घेतात. लाराच्या बाबतीतही तेच. अँटिग्वाच्या पाटा खेळपट्टीवरच्या ३७५ आणि ४०० पेक्षा १९९९ साली ब्रिजटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न यांच्यासमोर ३०८ धावांचा पाठलाग करताना एक गडी राखून जिंकून देणाऱ्या नाबाद १५३ मोठ्या मानल्या जातात, आणि त्याही घरच्याच.

परदेशाचा पक्ष घेणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. घरच्या मैदानावर फलंदाजाला स्वतःच्या संघाचे गोलंदाज खेळावे लागत नाहीत. भारतीय फलंदाजाला फिरत्या खेळपट्टीवर अश्विन आणि जडेजा यांचा सामना कधीच करावा लागला नाही. पाँटिंगला सिडनीत वॉर्न खेळावा लागला नाही आणि जयवर्धनेला गॉलला मुरलीधरन. त्या खेळपट्टीची नस ओळखणारे गोलंदाज नेहमी पाहुण्यांच्या वाट्याला येतात. पाँटिंग २००१ साली भारतात हरभजनसिंगसमोर पाच डावांत मिळून १७ धावा करू शकला, ही केवळ खेळपट्टीची करामत नव्हती. त्यामुळे एकाच सामन्यातल्या पाहुण्यांशी घरच्या फलंदाजाची तुलना करताना थोडी सूट पाहुण्यांना द्यावी लागते. चेन्नईतल्या रोहितच्या १६१ आणि इंग्लंडच्या १३४ या आकड्यांत अश्विनचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. पण ती सूट द्यायची म्हणजे दोन संघांतल्या माणसांना वेगवेगळ्या पारड्यांत तोलायचे. घरच्या फलंदाजाला मग त्याच्याच संघातल्या दहा जणांच्या शेजारी ठेवावे. त्या चेन्नई कसोटीत पहिल्या डावात भारताच्या ३२९ पैकी १६१ एकट्याच्या होत्या.

दुसरा मुद्दा बदलत्या परिस्थितीचा. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात विजय मर्चंट यांनी ७४.५३ च्या सरासरीने २३८५ प्रथम श्रेणी धावा केल्या, कारण तो दौरा महिनोन्महिने चालला होता आणि काउंटी संघांविरुद्ध सामन्यांमागून सामने होते. आजचा फलंदाज सराव सामना जेमतेम खेळून पहिल्या कसोटीला उतरतो. परक्या हवेशी आणि इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्यूक्स चेंडूशी ओळख व्हायला जो वेळ लागतो तो आता कसोटीतच जातो. याच्या उलट, जुन्या काळात दौऱ्यावर दोन्ही पंच यजमान देशाचे असत. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले ती नवलाई होती, आणि तटस्थ पंच नियमित व्हायला १९९४ उजाडले. तेव्हाची परदेशातली सरासरी आणि आताची परदेशातली सरासरी शेजारी मांडणे म्हणूनच जपून करावे.

परदेशाला मी कमी लेखत नाही. एका गोष्टीसाठी तो अनिवार्य आहे: फलंदाज शिकतो की नाही, हे तिथे कळते. २०१४ साली इंग्लंडमध्ये कोहलीच्या दहा डावांत १३४ धावा झाल्या, अँडरसनच्या बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे बॅट जात राहिली. २०१८ साली त्याच देशात, त्याच अँडरसनसमोर ५९३ धावा, आणि त्या मालिकेत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जोस बटलरच्या ३४९. हा फरक परदेशाशिवाय दिसला नसता. पण लक्षात घ्या, इथेही ५९३ ला वजन येते ते ३४९ मुळे. दोन्ही संघांच्या सगळ्या फलंदाजांनी पाचशे-सहाशे धावा केल्या असत्या तर आपण एवढे बोललो नसतो.

आणि ज्यांना परदेश पाहायलाच मिळाला नाही, त्यांचे काय? मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१ च्या पुढे होती, पण वाट्याला आल्या फक्त दहा कसोट्या, सगळ्या इंग्लंडविरुद्ध. ऐन भराची वर्षे महायुद्धाने नेली. ब्रॅडमन तर ५२ कसोट्यांत ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोन देशांपलीकडे कुठेच खेळला नाही. मायदेशात ९८.२२, इंग्लंडमध्ये १०२.८४. त्याला आशियात फिरकीपुढे उभे राहावे लागले नाही म्हणून त्याचे मोठेपण कोणी रोखून धरत नाही, कारण त्याच्या शेजारी ठेवायला त्याच्या निम्म्यावर थांबलेले इतर सगळे आहेत.

महेला जयवर्धनेसारख्याचा प्रश्न थोडा अवघड आहे आणि तो सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोलंबोच्या एसएससी या एका मैदानावर त्याने २९२१ कसोटी धावा आणि ११ शतके केली. मायदेशातली आणि परदेशातली सरासरी यांत मोठे अंतर आहे. इथे शेजारी पाहिले तरी एसएससीवर इतरांनीही भरपूर धावा केल्या हे दिसते, आणि मग त्या ढिगाची किंमत आपोआप उतरते. पण २००६ साली लॉर्ड्सला फॉलोऑन मिळालेल्या संघासाठी त्याने केलेल्या ११९ धावाही तितक्याच खऱ्या आहेत. त्याला लारा किंवा तेंडुलकर यांच्या रांगेत मी बसवणार नाही. मात्र ‘घरचा खेळाडू’ हा शब्द वापरून विषय मिटवणेही मला मान्य नाही.

मार्च १९८७ मध्ये बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध गावसकर आपल्या शेवटच्या कसोटी डावात खेळायला उतरले तेव्हा भारताला जिंकायला २२१ धावा हव्या होत्या. तौसिफ अहमद आणि इक्बाल कासिम यांचा चेंडू उडत होता, हातभर वळत होता. पाकिस्तान पहिल्या डावात ११६ धावांत बाद झाला होता, भारत १४५. त्या पाठलागात दुसऱ्या कोणत्याही भारतीय फलंदाजाला तीस धावाही करता आल्या नाहीत. गावसकर ९६ वर बाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. परदेशातल्या धावांच्या कोष्टकात हा डाव नाही, शतकांच्या कोष्टकात नाही, विजयांच्याही कोष्टकात नाही.